उशिरा दिलेला पास

नागपूर बघायला म्हणून मुद्दाम कुणी जात नाही. लग्नाला जातात, अधिवेशनाला जातात, नाहीतर पुढची गाडी धरायला उतरतात. मी गेले ती दहा मुली, दोन बास्केटबॉल आणि एक प्रथमोपचाराची पेटी घेऊन. तिकडच्या एका महिला महाविद्यालयाने निमंत्रित संघांची स्पर्धा ठेवली होती आणि कृष्णाकाठच्या आमच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाची बाई. प्राचार्य म्हणाले, "तुमचं माहेरच ना ते? मजा आहे बुवा." मी हसले.

माहेर खरं. पण लग्न होऊन मी इकडे आले, वडील घर विकून भावाकडे राहायला गेले, आणि त्यानंतर मी नागपुरात पाऊल टाकलं नव्हतं. निमित्तं पुष्कळ आली, मी ती टाळली. का टाळली, हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. मुळात बोलायची मला सवय कमी. या वेळी मात्र परत आल्यावर वाटलं, लिहून टाकावं.

सीताबर्डी

पहाटे गाडीतून उतरलो आणि मुली कुडकुडायला लागल्या. नागपूर म्हणजे ऊन, एवढंच त्यांनी ऐकलेलं, म्हणून एकीनेही स्वेटर आणला नव्हता. "मॅडम, ह्ये कसलं ओ गार!" म्हणत त्या एकमेकींना चिकटून उभ्या. स्टेशनाबाहेर संत्र्यांच्या टोपल्या तशाच होत्या, सालींचा तो आंबटगोड वासही तसाच. सायकलरिक्षा बर्डीकडे वळल्या तसा माझ्या छातीत ओळखीचा एक आनंद हलला आणि लगेच दबला.

नाश्त्याला मी त्यांना मुद्दाम तर्री-पोह्यांच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर लाल तर्री ओतायची, वरून चणे, कांदा. मी म्हणाले, "भाऊ, पोरींना तर्री बेतानं घाला."

"काहून? पाहुण्याइले कमी टाकली तर नाव जाते ना आमचं!"

आमची कप्तान अंजू पुढे सरसावली. "टाका की दादा! आमच्याकडं तांबडा रस्सा वाटीनं पितात."

दोन घासांत तिला उचकी लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "वाटीनं देऊ का आता, बाई?" सगळ्या इतक्या हसल्या की थंडी गेली. फक्त रेखा जरा लांब उभी राहून आपली बशी संपवत होती. रेखा संघातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात नवी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिला हसण्यात कुणी ओढून घेतलं नाही. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, होईल ओळख हळूहळू. हे असं मनात म्हणून सोडून देणं मला फार चांगलं जमतं.

मैदान

स्पर्धा माझ्याच जुन्या कॉलेजच्या मैदानावर होती. आता तिथे सिमेंटचं कोर्ट आहे. आमच्या वेळी, साठीच्या दशकात, ते मुरमाचं होतं. खेळाआधी दोघीजणी झारीने पाणी शिंपायच्या, मग चुन्याच्या रेघा. ओल्या मुरमाच्या वासाने अजूनही माझे पाय आपोआप पळायच्या तयारीत येतात. बोर्ड लाकडी फळ्यांचे, रिंगला जाळी क्वचितच. आम्ही सलवार-कुडत्यात खेळायचो, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि कंपाउंडच्या भिंतीवर टवाळ पोरं कावळ्यांसारखी बसलेली.

आमचे सर सायकलवरून यायचे. त्यांच्या शिकवण्याची एक तऱ्हा होती. आठवड्यातून एक दिवस ते चेंडू जमिनीवर आपटायलाच बंदी करत. ड्रिबल नाही, एकही नाही, नुसते पास. "बॉल हातानं देऊन राहिली का तू? डोळ्यानं दे! हात मागून येतात," असं ओरडायचे. मी गार्ड होते, म्हणजे चेंडू पुढे आणून कुणाला द्यायचा हे ठरवणारी. सर म्हणत, "शालूकडे मला पाहावं लागत नाही. ती माझीच नजर आहे."

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून सर आले. केस पांढरे, गळ्यात मफलर, हातात काठी, आवाज मात्र तोच. मला ओळखून त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मग भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली.

"मुलींनो, आमच्या संघात एक मुलगी होती. नाव नाही घेत. सरावात वाघीण! पण फायनलला तिच्या हातातून बॉल सुटू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मी ओळखलं, पोरगी मोठ्या मॅचला घाबरली. मध्यंतरात बाहेर काढली, दुसरी घेतली आणि आम्ही जिंकलो. प्रशिक्षकाला अशा वेळी मन घट्ट करावं लागतं."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. समोर, कोर्टाच्या रेघेजवळ, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिटी अशी एक रेफ्री बाई मान खाली घालून चपट्या बोटांनी शिटीची दोरी गुंडाळत होती. तिच्या बोटांवरूनच मी तिला ओळखलं. विमल. सरांची ती घाबरलेली मुलगी.

ती घाबरली नव्हती. चेंडू का सुटत होता हे त्या मैदानावर दोघींना माहीत होतं, तेव्हा मात्र मला वाटत होतं, की मला एकटीलाच.

विमल संघात आली ती माझ्या जिवलग मैत्रिणीच्या, कुसुमच्या जागी. ती कुसुमपेक्षा चांगली खेळायची, वाद नव्हता. कुसुम घरी येऊन रडली. मला राग आला. इथे थांबले तर गोष्ट मैत्रीची होते, आणि इतकी वर्षं मी ती स्वतःला तशीच सांगितली. पण खरं आणखी थोडं आहे. विमलचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. वडील गिरणीत. खेळ झाला की ती पिशवीतून संत्री काढायची. अख्खं संत्रं दिलं तर आम्ही घ्यायचो. तिने सोलून फोडी पुढे केल्या, की आमची पोटं भरलेली असायची. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. तिनेही कधी काही विचारलं नाही. काही दिवसांनी ती सोलायचीच थांबली.

फायनलला आम्ही काही कट केला नव्हता. मी फक्त पास उशिरा दिला. ती मोकळी झाली, तिचे हात उघडले, की मी अर्धा श्वास थांबायचे, समोरची मुलगी तिच्या अंगावर आली की मग सोडायचे, छातीच्या ऐवजी गुडघ्याशी. चेंडू तिच्या हातातून सुटायचा. बघणाऱ्याला दिसायचे ते तिचे हात. माझे डोळे कुणालाच दिसले नाहीत. मध्यंतरात सरांनी तिला बसवलं, कुसुम आत आली, आणि मग मी वेळेवर पास दिले.

विद्यापीठाच्या संघात विमलचं नाव आलं नाही. खेळाडू म्हणून तिला फीची सवलत मिळणार होती, तीही नाही. पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही. मी चौकशी केली नाही.

दुपारी आमचा पहिला सामना होता. आम्ही जिंकलो, पण माझी नजर एकाच गोष्टीवर राहिली. रेखा बोर्डाखाली मोकळी उभी होती. अंजू तिच्याकडे पाहतच नव्हती. आणि पाहिलं तेव्हा चेंडू गेला तो उशिरा, गुडघ्याशी. रेखाच्या हातून सुटला. बाकावरची एक मुलगी म्हणाली, "हिला झेपंना बघ." मी त्या पोरीला काय बोलणार? अंजूच्या मानेची ती हालचाल मला माझ्या स्वतःच्या मानेसारखी माहीत होती.

सामना संपल्यावर रेफ्री माझ्याजवळ येऊन शिटी पुसत उभी राहिली. "शालू, तुझ्या पोरी त्या लांब पोरीले बॉल देऊन नाही राहिल्या, वं."

मी म्हणाले, "हो. पाहिलं मी."

"पाहणारच तू. तुले नाही दिसणार तर कोणाले?"

तिच्या बोलण्यात विष नव्हतं. थट्टा होती, आणि ती जास्त लागली. मग म्हणाली, "संध्याकाळी घरी ये. नंदनवनले राहते मी. जेवायलेच ये."

नंदनवन

नंदनवन म्हणजे माझ्या आठवणीत शहर संपल्यानंतरची मोकळी जागा. आता तिथे घरांच्या रांगा आहेत, अंगणात पेरूची झाडं, दारात सायकली. विमलचा नवरा पोस्टात, कामावरून यायचा होता. मुलगा आत मोठ्यानं पाढे म्हणत होता. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली विमलची प्रमाणपत्रं, रेफ्रीच्या परीक्षेचं सगळ्यांत वर. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. कॉलेज सुटल्यावर शिक्षिकेचा कोर्स केला, बी.ए. पुढे बाहेरून दिलं.

"रेफ्री काहून झाली, माहीत आहे?" ताटं मांडता मांडता ती म्हणाली. "रेफ्रीले कोणाच्या पासची वाट पाहावी लागत नाही."

आणि खदखदून हसली. मला हसता येईना. तिने पाटोडीचा रस्सा वाढला, वांग्याची भाजी, गरम पोळ्या, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "जेवतेस ना आता? का अजूनही पोट भरलेलंच आहे?"

मी पहिला घास घेतला. आमच्याकडे पाटवडीच्या रश्शात गूळ पडतो, इथे तिखटाशिवाय काही नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याचा दोष मी रश्शाला दिला. विमल दुसरी पोळी टाकत म्हणाली, "हळू खा. आता तिकडची झाली तू."

"विमल, त्या फायनलला मी..."

"मले तवाच माहीत होतं, वं," ती म्हणाली. "बॉल पायाशी आला की माणूस देणाऱ्याकडे पाहते. मी पाहिलं तुझ्याकडे. तू जमिनीकडे पाहून राहिली होती."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सर, बॉल उशिरा येऊन राहिला? सर म्हणले असते, तू लवकर हो. आन् मी सांगणार, तू नाही म्हणणार. कोणाचं ऐकतील? तू तर त्यायची नजर होती."

मी म्हटलं, "मला माफ कर." हे शब्द तोंडातून निघायला इतकी वर्षं लागली आणि निघाल्यावर अगदी हलके वाटले, पोकळ.

विमलने माझ्या वाटीत आणखी रस्सा वाढला. मग म्हणाली, "तुझं मी मनावर घेतलं नाही फार. पोरी करतात असं. मले सलते ते सरांचं. ते प्रत्येक कॅम्पात ती गोष्ट सांगतात. मागच्या वर्षी माझ्या शाळेत आले, माझ्याच पोरींसमोर सांगितली. एका पोरीनं मले विचारलं, मॅडम, कोण होती ती भित्री? मी म्हटलं, होती एक."

"मी सरांना सांगते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी सांग नाही म्हणत, नको सांगू बी नाही म्हणत. पाहा बा तुझं तू." आणि मुलाला हाक मारली, "सातचा पुन्हा म्हण रे, चुकला तू!"

वर्ग

मुलींचा मुक्काम कॉलेजच्या एका वर्गात होता. बाकं भिंतीला सारलेली, जमिनीवर गाद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाद्या गुंडाळून झाल्यावर मी सगळ्यांना बसवलं. उपांत्य सामना होता. त्यांना वाटलं, मी डावपेच सांगणार.

"अंजू, काल रेखाला पास गुडघ्यावर का दिलास?"

"चुकला मॅडम."

"चुकला नाही. मी पण असेच दिलेले आहेत."

मग मी सांगितलं. विमलचं नाव घेऊन, कुसुमचं घेऊन, संत्र्याच्या फोडींसकट. शिकवताना मी कधी स्वतःबद्दल एक वाक्य बोललेली बाई नव्हे, त्यामुळे मुली माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत होत्या. रेखा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती, पुन्हा सोडत होती.

शेवटी अंजूने हळूच विचारलं, "मग मॅडम, फायनल हरलात?"

"जिंकलो."

हरलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. मलाही. हरलो असतो तर सरांनी विचार केला असता, कुठे चुकलं म्हणून. जिंकलेल्या सामन्याची चौकशी कोण करतं?

रेखाशी त्यांचं काय बिनसलं होतं ते मी विचारलं नाही. कारणं सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही चांगलं कारण होतं.

उपांत्य सामन्यात अंजूचा पहिलाच पास रेखाकडे गेला, वेळेवर, छातीशी. रेखाला त्याची इतकी सवय नव्हती, की चेंडू तिच्या हातांवर आपटून बाहेर गेला. प्रेक्षक हसले. मी बाकाची कड धरली. पुढच्या वेळी अंजू चेंडू घेऊन आली, रेखाकडे बघितलं, आणि पुन्हा तिलाच दिला. "घे गं, रेखे!" असं ओरडून. रेखाने घेतला, वळली आणि टाकला. पण चेंडू हातात धरून पाय उचलायची तिला भारी घाई. विमलने शिटी वाजवून तिची चाल अवैध दिली, एकदा नाही, बरेचदा. आमच्या मुली कुरकुरल्या, रेफ्री मात्र दगड.

आम्ही थोडक्यात हरलो. बाहेर पडताना विमल एवढंच म्हणाली, "चांगली आहे पोरगी. तिचे पाय शिकव." मी तिला नावाने हाक मारली, तेव्हा सकाळच्या गोष्टीतली विमल तीच हे मुलींना कळलं. अंजूने एकदम वाकून तिच्या पायांना हात लावला.

"अवं उठ!" विमल दचकून मागे सरली. "हरवलं मी तुमाले, आन् पाया काहून पडून राहिली?"

धरमपेठ

आमची गाडी संध्याकाळची होती. मुलींना बर्डीवर खरेदीला सोडलं, अंजूला सांगितलं, कुणाला एकटं सोडायचं नाही, कुणालाच. ती म्हणाली, "समजलं मॅडम." आणि मी रिक्षा करून धरमपेठेत गेले.

सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होते. सर घरी नसतील तर बरं, असंही वाटलं. ते ओसरीवर उन्हात बसून तुरीचे सोले काढत होते, हिरव्या दाण्यांची परात मांडीवर. "ये ये, शालू! रिक्षा कशाला थांबवून ठेवली? बस की निवांत." मग आत आवाज दिला, "अगं, चहा टाक, माझी गार्ड आली!"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर राहून गेलं असतं.

"नाही, नाही," ते म्हणाले. "मी पाहिलं ना स्वतः. तिच्या हातातून बॉल सुटत होता."

"सर, तो मी तसा देत होते. उशिरा. मुद्दाम."

"तू?"

"ती घाबरली नव्हती सर. एकदाही नाही."

त्यांच्या हातात एक शेंग होती, अर्धी सोललेली. ती तशीच राहिली. ते रागावतील, हाकलतील, अशी माझी तयारी होती. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अंगणाकडे बघत बसले. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले, "मी सगळा वेळ तिच्याकडे पाहून राहिलो होतो. तुझ्याकडे पाहायचं सुचलंच नाही." थोड्या वेळाने, "किती ठिकाणी सांगितली मी ती गोष्ट."

त्यांनी परात बाजूला ठेवली. चपला शोधल्या, काठी घेतली.

"कुठे राहते ती?"

"नंदनवनला." मी घर सांगितलं, पेरूचं झाड, पुढची खूण.

ते फाटकाबाहेर गेले आणि माझ्याच रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "नंदनवन? त्या टोकाले आहे ना बाप्पा!"

"चाल ना गा."

"सर, मी येऊ?"

"तुझी गाडी आहे ना," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. माफ केलं नाही, दोषही दिला नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. मफलरचं टोक मागे लोंबत होतं, ते त्यांना आवरायचं राहिलं.

काकू तीन कप घेऊन ओसरीवर आल्या तेव्हा मी एकटीच होते.

"अगं, हे कुठे गेले?"

"विमलकडे."

काकूंनी कप खाली ठेवले. इतकी वर्षं त्या घरात ती गोष्ट सांगितली जात होती, जेवताना, पाहुण्यांसमोर, नव्या खेळाडूंसमोर.

"कोण विमल?" त्यांनी विचारलं.

गाडीला अजून अवकाश होता. मी खाली बसले, परात पुढे ओढून एक शेंग हातात घेतली, आणि पहिल्यापासून सांगू लागले.